काळा दगड, पांढरा बगळा आणि कॅमेऱ्याचा अंदाज

पंचवटीतील काळाराम मंदिराचा फोटो सकाळच्या उन्हात काढला आणि घरी येऊन निवांत पाहिला, की पुष्कळांचा हिरमोड होतो. प्रत्यक्षात काळाभोर दिसलेला दगड फोटोत राखेच्या रंगाचा झालेला असतो आणि शिखरामागचे निळे आकाश पांढरेफटक पडलेले असते. पौषवारीला त्र्यंबकेश्वरी निघालेल्या दिंडीचा फोटो काढावा, तर वारकऱ्यांचे स्वच्छ सदरे आणि धोतरे मळकट दिसतात. नांदूरमध्यमेश्वरच्या गडद पाण्यात उभा असलेला बगळा टिपावा, तर पिसांचा मागमूसही नसलेला एक पांढरा डाग हाती लागतो. हे तिन्ही दोष एकमेकांपासून अगदी वेगळे दिसतात, त्यामुळे माणूस कधी कॅमेऱ्याला, कधी हवेला, तर कधी स्वतःच्या हाताला बोल लावतो. खरे तर तिन्हींचे कारण एकच आहे, आणि ते एकदा समजले की महागडा कॅमेरा न घेताही सहलीचे फोटो सुधारू लागतात.

कॅमेऱ्याच्या आत संवेदक असतो, म्हणजे प्रकाश टिपणारी एक छोटी चकती. या संवेदकावर एकूण किती प्रकाश पडू द्यायचा, यालाच छायाचित्रणात एक्स्पोजर म्हणतात. प्रकाश जास्त झाला तर फोटो ‘ओव्हर’ गेला असे म्हणतात, कमी पडला तर ‘अंडर’. आजचे सगळे कॅमेरे आणि फोन हा हिशेब स्वतःच करतात, मात्र तो करताना त्यांची एक मोठी अडचण असते. समोरच्या वस्तूवर किती प्रकाश पडतो आहे, हे कॅमेऱ्याला ठाऊक नसते. वस्तूवरून परावर्तित होऊन भिंगापर्यंत पोहोचलेला प्रकाश तेवढा त्याला मोजता येतो.

हा फरक किती महत्त्वाचा आहे, हे आकड्यांनी चटकन लक्षात येते. निरभ्र दिवशी दुपारच्या उन्हाची तीव्रता साधारण १ लाख लक्स असते, तर त्याच वेळी मोकळ्या सावलीत ती ८ ते १० हजार लक्सच्या आसपास असू शकते. काळा दगड त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी समजा ७ टक्के परत पाठवतो आणि धुवट पांढरे कापड ८० टक्के. आता गुणाकार करून पाहा. उन्हातल्या काळ्या दगडाकडून ७ हजार एवढा प्रकाश येतो आणि सावलीतल्या पांढऱ्या कापडाकडून साडेसहा ते आठ हजार एवढा. मापन करणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने दोन्ही वस्तू एकसारख्याच झाल्या. आपल्याला मात्र दगड काळा आणि कापड पांढरेच दिसते, कारण आपला मेंदू ऊन कुठे आहे, सावली कुठे आहे, आजूबाजूला काय आहे, हे सगळे जमेस धरून रंग ठरवतो. कॅमेऱ्याकडे हे शहाणपण नसते.

यावर तोडगा म्हणून कॅमेऱ्याच्या मापन यंत्रात एक ढोबळ गृहीतक घातलेले असते. जगातली दृश्ये सरासरीने पाहिली तर ती मध्यम राखाडी असतात, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के प्रकाश परत पाठवतात, असे ते गृहीतक आहे. रस्ता, झाडे, माणसे, माती, थोडे आकाश अशा मिश्र दृश्याला हा अंदाज बहुधा बरोबर लागू पडतो, आणि म्हणूनच बहुतेक फोटो काही न करताही ठीक येतात. पण चौकट काळ्या दगडाने भरली की कॅमेऱ्याला वाटते, येथे प्रकाश फार कमी आहे. तो जास्तीचा प्रकाश आत घेतो आणि दगडाला राखाडीपर्यंत आणून सोडतो, त्या भरात आकाश जळून जाते, म्हणजे तपशील पुसून पांढरेफटक पडते. चौकट पांढऱ्या धोतरांनी भरली की त्याला वाटते, प्रकाश फार झाला, म्हणून तो कमी प्रकाश घेतो आणि पांढऱ्यालाही राखाडीकडे ओढतो. आजचे कॅमेरे आणि फोन दृश्याचे अनेक तुकडे करून मोजतात, चेहरे ओळखतात, त्यामुळे ही चूक पूर्वीपेक्षा सौम्य झाली आहे, पण ती नाहीशी झालेली नाही.

यावरून निघणारा नियम पहिल्यांदा ऐकताना उलटा वाटतो: चौकटीत पांढरे जास्त असेल तर प्रकाश वाढवावा आणि काळे जास्त असेल तर घटवावा. कॅमेऱ्यावर अधिक-उणे चिन्हांचे एक बटण किंवा चकती असते, ती याचसाठी. फोनवर पडद्याला बोट लावले की बहुतेक वेळा सूर्याचे छोटे चिन्ह उमटते, ते वर-खाली सरकवले की तेच काम होते. काळारामाच्या दगडासाठी साधारण एक ‘स्टॉप’ घटवावा लागतो, दिंडीच्या पांढऱ्या कपड्यांसाठी एक ते दीड स्टॉप वाढवावा लागतो. स्टॉप हा शब्द छायाचित्रकारांच्या बोलण्यात सतत येतो. एक स्टॉप वाढवणे म्हणजे प्रकाश दुप्पट करणे आणि एक स्टॉप घटवणे म्हणजे तो निम्मा करणे, एवढाच त्याचा अर्थ.

मग बगळा पांढरा असूनही तो जळाला कसा? कारण मापन बगळ्याचे झाले नाही, पाण्याचे झाले. चौकटीचा बहुतांश भाग गडद पाण्याने व्यापला होता, कॅमेऱ्याने त्या पाण्याला राखाडी करण्यासाठी प्रकाश वाढवला आणि छोटासा बगळा त्यात वाहून गेला. तेव्हा वस्तू कोणत्या रंगाची आहे, हा प्रश्न अपुरा आहे, चौकट कशाने भरली आहे, असा प्रश्न विचारायला हवा. नांदूरमध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामुळे उथळ, गाळाने भरलेली पाणथळ जागा तयार झाली आहे. तिला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले आणि असा दर्जा मिळालेले ते महाराष्ट्रातील पहिले ठिकाण ठरले. हिवाळ्यात तेथे जाणाऱ्या प्रत्येकाने गडद पाण्यावरच्या पांढऱ्या पक्ष्यासाठी एक ते दीड स्टॉप घटवून पाहावे. पाणी थोडे अधिक काळे होईल, पण पिसे वेगवेगळी दिसतील.

घटवणे-वाढवणे समजले की पुढचा प्रश्न येतो: कॅमेरा हा प्रकाश कमी-जास्त करतो कसा? त्याच्याकडे तीन मार्ग आहेत. यासाठी मला इगतपुरीचा पाऊस नेहमी उपयोगी पडतो. अंगणात एक भांडे ठेवले, तर त्यात किती पाणी साचेल हे भांड्याच्या तोंडाच्या रुंदीवर आणि ते किती वेळ पावसात ठेवले यावर ठरेल. भिंगातील छिद्राची रुंदी म्हणजे अॅपर्चर आणि ते उघडे राहण्याचा वेळ म्हणजे शटर स्पीड. तिसरा मार्ग आयएसओ. त्याला पुष्कळ जण संवेदकाची ताकद वाढवणे असे समजतात, पण डिजिटल कॅमेऱ्यात त्याने भांड्यात एक थेंबही जास्त पडत नाही. साचलेले थोडे पाणी मोजताना त्याचा आकडा पटीने वाढवून सांगणे, एवढेच काम आयएसओ करतो.

फोटोत दिसणाऱ्या दाण्यांचा, म्हणजे नॉइझचा, उगम येथेच आहे. समजा अंगणात सारख्या आकाराच्या शेकडो वाट्या शेजारी शेजारी मांडल्या. मुसळधार पाऊस पडला तर सगळ्या वाट्यांत जवळपास सारखे पाणी साचेल. पण चार थेंब शिंतडून पाऊस थांबला, तर एका वाटीत सहा थेंब, शेजारच्या वाटीत दोन, तिसरीत एकही नाही, असा प्रकार होईल. प्रकाशही कणांच्या रूपाने येतो आणि त्याला हेच गणित लागू आहे. संवेदकाच्या एका बिंदूवर सरासरी १०,००० कण पडत असतील, तर बिंदू-बिंदूंतला स्वाभाविक चढउतार साधारण १०० कणांचा, म्हणजे १ टक्क्याचा असतो. सरासरी १०० कणच पडत असतील, तर चढउतार १० कणांचा, म्हणजे १० टक्क्यांचा होतो. हा असमानपणा डोळ्याला दाण्यांच्या रूपात दिसतो. म्हणजे दाणे मुख्यतः प्रकाशाच्या कमतरतेमुळे येतात, आयएसओचा आकडा वाढवल्याने ते फक्त ठळकपणे समोर येतात.

ही बाब मी मुद्दाम लांबवून सांगितली, कारण आयएसओच्या धास्तीने खराब झालेले फोटो मी फार पाहिले आहेत. दाणे येऊ नयेत म्हणून आयएसओ १०० वर ठेवायचा, मग शटर सावकाश चालते आणि घाटावरच्या संध्याकाळच्या फोटोत प्रत्येक चेहरा हललेला येतो. थोडे दाणे असलेला फोटो मोठा छापूनही बघवतो. हललेल्या चेहऱ्याला मात्र पुढे कोणताही उपाय नाही.

फोनची अडचणही याच गणितातून समजते. फुल फ्रेम म्हणवल्या जाणाऱ्या कॅमेऱ्याचा संवेदक ३६ × २४ मिलिमीटरचा असतो, तर चांगल्या फोनमधला मुख्य संवेदकही साधारण १० × ७.५ मिलिमीटरच्या घरात असतो. क्षेत्रफळात हा फरक अकरा-बारा पटींचा होतो. वाट्या लहान, म्हणून थेंबही कमी. यावर फोन एकापाठोपाठ अनेक फोटो काढतो, ते एकमेकांवर जुळवतो आणि त्यांची सरासरी काढतो. रात्रीचा फोटो काढताना ‘हात स्थिर ठेवा’ अशी सूचना येते ती याच कारणाने. दरम्यान समोरचे माणूस हलले, तर ही जुळणी बिघडते आणि कडा पुसट होतात.

अॅपर्चरचे आकडे नवख्याला गोंधळात टाकतात, कारण आकडा मोठा तसे छिद्र लहान. भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की हा आकडा मिळतो. ५० मिलिमीटरच्या भिंगाचे छिद्र २५ मिलिमीटर असेल तर ते एफ/२, आणि १२.५ मिलिमीटर असेल तर एफ/४. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ एक चतुर्थांश होते, म्हणून एफ/२ आणि एफ/४ यांत दोन स्टॉपचे अंतर आहे, आणि म्हणूनच १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ अशी विचित्र वाटणारी मालिका तयार होते. त्यातला प्रत्येक आकडा आधीच्याच्या सुमारे १.४ पट आहे आणि प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो.

छिद्राच्या रुंदीने आणखी एक गोष्ट बदलते, ती म्हणजे दृश्याचा किती भाग रेखीव दिसतो. रुंद छिद्रातून येणारे किरण जाड शंकूसारखे येतात, त्यामुळे फोकस नसलेल्या जागेचा प्रत्येक बिंदू पसरून मोठी तबकडी होतो. छिद्र लहान केले की शंकू बारीक होतो आणि त्या तबकड्या इतक्या लहान होतात की डोळ्याला त्या बिंदूच वाटतात. दिंडोरीच्या द्राक्षबागेत एकच घड उठून दिसावा आणि मागच्या वेलींची हिरवी धूसर पार्श्वभूमी व्हावी, असे वाटत असेल तर एफ/२.८ किंवा भिंगाला जमेल तेवढे रुंद छिद्र घ्यावे. रामशेज किल्ल्याच्या माथ्यावरून जवळच्या दगडापासून दूरच्या डोंगररांगेपर्यंत सगळे स्वच्छ हवे असेल तर एफ/८ ते एफ/११ पुरते. एफ/२२ पर्यंत जाण्याचा मोह टाळावा, कारण फार लहान छिद्राच्या कडेवरून प्रकाश वळतो आणि सगळेच चित्र किंचित मऊ पडते. फोनमध्ये बहुधा छिद्र कायमचे ठरलेले असते. त्याच्या ‘पोर्ट्रेट’ फोटोतली धूसर पार्श्वभूमी ही नंतर गणिताने केलेली असते आणि म्हणूनच केसांच्या कडेला ती फसते.

शटर स्पीडचा खरा कस पाहायचा तर रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडीपाशी जावे. पेशवेकाळापासून चालत आलेल्या या दगडी हौदांमध्ये त्या दिवशी रंगीत पाणी भरतात आणि माणसे त्यात धप्पा मारतात. उडी घेतलेला माणूस एक मीटर खाली येईपर्यंत त्याचा वेग सेकंदाला साधारण ४.४ मीटर झालेला असतो. शटर १/६० सेकंद उघडे असेल, तर तेवढ्या वेळात तो ७ सेंटिमीटर खाली सरकतो आणि फोटोत चेहऱ्याचा पट्टा होतो. १/१००० सेकंदाला तो साडेचार मिलिमीटरच सरकतो, त्यामुळे चेहरा आणि हवेत उडालेला रंगाचा प्रत्येक थेंब जागच्या जागी थांबतो. (कॅमेऱ्याला प्लास्टिकचे वेष्टन आणि भिंगावर साधा काचेचा फिल्टर लावल्याशिवाय तेथे जाऊ नये, कारण रहाडीतला रंग भिंगाच्या फटीत शिरला तर निघत नाही.) चालत्या माणसाला १/१२५ पुरते, उडत्या पक्ष्याला १/१००० पासून पुढे जावे लागते.

उलट बाजूला सोमेश्वरचा धबधबा आहे. तेथे शटर अर्धा ते एक सेकंद उघडे ठेवले, तर पाणी दुधाच्या धारेसारखे एकसंध दिसते. यासाठी कॅमेरा ट्रायपॉडवर हवा आणि दिवस ढगाळ हवा, नाहीतर प्रकाश कमी करणारा गडद फिल्टर भिंगावर लावावा लागतो. पावसाळ्यात पाण्याला जोर असताना ट्रायपॉड खडकाच्या कडेला नेऊ नये. धार लांबूनही तेवढीच सुंदर येते.

हात किती स्थिर राहतो, याचा जुना ठोकताळा असा, की भिंग जितक्या मिलिमीटरचे, निदान तितक्या भागाइतका शटर स्पीड ठेवावा. म्हणजे २०० मिलिमीटरच्या भिंगाला १/२०० सेकंद. कंपन कमी करणारी यंत्रणा असेल तर यात बरीच सवलत मिळते, पण ती आपला हात थोपवते, समोरच्या माणसाची हालचाल थोपवत नाही.

आता पांडवलेण्यांकडे वळू. त्रिरश्मी डोंगरातील या २४ लेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरी जन्मलेले फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी गोध्र्याला छायाचित्रकार म्हणून काम करत होते, आणि त्या काळी कॅमेऱ्यात प्रकाश मोजणारे यंत्रच नसल्याने हा सारा हिशेब माणसाला नजरेने करावा लागे. लेण्याच्या आत उभे राहून स्तंभांमधून बाहेरचे शहर दिसेल असा फोटो काढायला गेले, की वेगळीच अडचण उभी राहते. आतल्या कोपऱ्यात बाहेरच्या उन्हाच्या हजारावा हिस्सासुद्धा प्रकाश नसू शकतो. हजारपट म्हणजे जवळपास दहा स्टॉप. तुमचा मापनाचा अंदाज अचूक असला, तरी एवढी मोठी तफावत एका फोटोत बसवणे संवेदकाला जड जाते.

पुन्हा वाट्यांकडे जाऊ. संवेदकाची प्रत्येक वाटी एका मर्यादेपर्यंतच भरते. ती तुडुंब भरल्यावर वरून आणखी कितीही पाणी पडले तरी त्याची नोंद राहत नाही. जळालेल्या आकाशात ढग होता की नव्हता, हे पुढे कोणतेही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. जवळपास रिकाम्या वाटीत मात्र चार थेंब तरी असतात, त्यांना नंतर दाण्यांसह का होईना, उजळवता येते. म्हणून शंका असेल तेव्हा उजळ भाग वाचवावा. कॅमेऱ्यात ‘रॉ’ स्वरूपात फोटो साठवण्याची सोय असेल तर अशा ठिकाणी ती वापरावी. साध्या जेपेग फोटोत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४, त्यामुळे अंधारातला तपशील नंतर वर काढायला पुष्कळ वाव राहतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर हिस्टोग्राम नावाचा डोंगरासारखा आलेख दिसतो, तोही पाहायची सवय लावावी. हा डोंगर उजव्या भिंतीला जाऊन चिकटला असेल तर वाट्या तुडुंब भरल्या आहेत. बाहेरच्या उन्हात पडद्यावरचा फोटो नीट दिसत नाही, तेव्हा हा आलेखच भरवशाचा.

त्याहून सोपा उपाय म्हणजे वेळ निवडणे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरलेली आहे आणि नाशिक ७३.८ अंशांच्या आसपास आहे. एका अंशाला ४ मिनिटे या हिशेबाने येथे सूर्य माथ्यावर यायला घड्याळात सरासरी १२ वाजून ३५ मिनिटे होतात. म्हणजे दुपारचे कडक ऊन आपण समजतो त्यापेक्षा उशिरापर्यंत रेंगाळते आणि सकाळची कोवळी उन्हे पूर्वेकडच्या गावांपेक्षा उशिरा येतात. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर असल्याने २० मेच्या सुमारास आणि पुन्हा २३ जुलैच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर येतो. तेव्हा डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते आणि कोरीव कामाला उठावच राहत नाही. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याच्या किरणांना माथ्यावरच्या तुलनेत सुमारे ३८ पट हवा ओलांडावी लागते, निळा प्रकाश वाटेतच विखुरतो आणि उरलेला तांबूस, मंद प्रकाश आडवा येऊन दगडाची प्रत्येक रेघ उचलून धरतो. उन्हाची तीव्रता उतरल्याने ऊन आणि सावली यांतली तफावतही संवेदकाच्या आवाक्यात येते.

रामकुंडावर सूर्यास्तानंतर थांबावे. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतचा संधिप्रकाश येथे वीस-पंचवीस मिनिटांतच सरतो, आणि त्याच्या शेवटी काही मिनिटे अशी येतात की आकाशाचा निळा उजेड आणि घाटावरच्या दिव्यांचा पिवळा उजेड तुल्यबळ होतात. आधी दिवे फिके दिसतात, नंतर आकाश काळे होते. या वेळी चौकटीत अंधार जास्त असल्याने कॅमेरा प्रकाश वाढवू पाहील. त्याला एक स्टॉप खाली आणावे म्हणजे ज्योतींचा आकार टिकतो आणि संध्याकाळ संध्याकाळसारखी दिसते. फोनला रात्रीच्या दृश्याचा दिवस करण्याची सवय असल्याने तेथे ही काळजी अधिक घ्यावी.

हे सगळे वाचून झाल्यावर एकदा सकाळी लवकर काळारामाच्या आवारात जावे आणि जेथे परवानगी आहे तेथून, एकाच जागी उभे राहून, चौकट दगडाने भरेल असे तीन फोटो काढावेत: पहिला कॅमेऱ्याच्या मर्जीने, दुसरा एक स्टॉप घटवून, तिसरा दोन स्टॉप घटवून. तिन्ही शेजारी ठेवून पाहिले, की पहिल्यात राखाडी भिंत दिसेल, तिसऱ्यात अंधार दिसेल, आणि दुसऱ्यात बहुधा काळ्या दगडावरच्या छिन्नीच्या खुणा.